कोपऱ्यावरची गाडी

मधलीच्या नाकावर राग असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो कशाचा, हे मात्र कोणालाच नीट सांगता आलं नसतं. ऑफिसातल्या पोरांना वाटायचं, वय झालं, म्हणून चिडते. घरी थोरलीला वाटायचं, लहानपणी दोघींच्या मध्ये चेपली गेली, म्हणून चिडते. खरं कारण साधं होतं. उगाच हलणारी गोष्ट तिला सहन होत नसे. बोलताना पाय हलवणारा माणूस, वारा नसताना फडफडणारी जाहिरात, आणि सगळ्यात जास्त म्हणजे वेबसाइटवर काही कारण नसताना नाचणारं बटण. असलं काही दिसलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आता गंमत अशी, की वेबसाइटवरच्या गोष्टी हलवणं हाच तिचा धंदा होता.

आपण फोनवर एखादं बटण दाबतो, ते किंचित आत गेल्यासारखं होतं. यादी उघडते ती खालून सरकत वर येते, म्हणजे बंद केल्यावर ती कुठे गेली ते आपल्याला कळतं. चुकीचा नंबर टाकला की तो रकाना नकाराची मान हलवावी तसा डावीउजवीकडे थरथरतो. हे सगळं कोणीतरी खुर्चीत बसून ठरवलेलं असतं. किती हलायचं, किती वेगाने, कुठे थांबायचं. चांगलं जमलं तर काही हललं हे बघणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही, त्याला फक्त काय झालं ते कळतं. मधलीला ते जमायचं. नव्या पोरांना शिकवताना ती म्हणायची, "हालचाल म्हणजे बोट दाखवणं. एका वेळी एकच बोट. दहा दिशांना दहा बोटं दाखवलीत तर समोरचा काय बघेल, तुमची नखं?"

तीन बहिणींतली ती मधली. घरात त्याच नावाने हाक मारत, आणि एकदा थोरलीने ऑफिसच्या फोनवर "मधली आहे का जागेवर?" असं विचारल्यापासून ऑफिसातही ती मधलीताई झाली. धाकटी लग्न करून दूर गेली ती वाढदिवसाच्या फोनापुरती उरली. थोरली शाळेत शिकवायची, आता निवृत्त. मधलीने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणाऱ्याला तिने एकदाच उत्तर दिलं होतं, आणि ते ऐकल्यावर पुन्हा कोणी विचारायला धजावलं नाही. दोघी बहिणी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होत्या. इमारतीला लिफ्ट नव्हती.

कॉम्प्युटर हातात यायच्या आधी मधली एका कार्टून फिल्मच्या स्टुडिओत होती. तिथे खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर कागद ठेवून चित्रं काढायची. मुख्य चित्रकाराला सगळे मास्तर म्हणत. मास्तर दोनच चित्रं काढून द्यायचे. मांजर टेबलावर आहे हे पहिलं, मांजर जमिनीवर आहे हे शेवटचं. मधली सगळी उडी हिने काढायची. मधलीने मधली चित्रं काढायची यावर स्टुडिओत सगळ्यांचे विनोद करून झाले होते. मास्तर मात्र विनोद करत नसत. एकदा शेवटचं चित्र यायला उशीर झाला, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या पोराने वेळ कशाला घालवायचा म्हणून अंदाजाने उडी काढायला घेतली. मास्तरांनी कागद उचलले आणि त्याच्यासमोर टराटरा फाडले. "मांजर कुठे पडणार ते तुला माहीत नाही, मग तू उडी कशाची काढतोस? दोन टोकं हातात आल्याशिवाय मधलं काढायचं नाही."

मास्तर गेले, स्टुडिओ बंद पडला, काचेची टेबलं भंगारात गेली. मधली कॉम्प्युटर शिकली. राग तेवढा मास्तरांचा होता तसाच राहिला.

सध्याच्या ऑफिसचा मालक तिच्या भाच्याच्या वयाचा. पोरगा हुशार, गोडबोल्या, आणि त्याचा एकच मंत्र, "पानावर माणूस आला की त्याच्या तोंडून वाहवा निघाली पाहिजे." म्हणून पाठीमागे सगळे त्याला वाहवा म्हणत. वाहवाला सगळं हलतं लागे. अक्षरं वरून टपटप पडली पाहिजेत, चित्रं गिरक्या घेत आली पाहिजेत, मागे काहीतरी तरंगत राहिलं पाहिजे. एकदा चष्म्याच्या दुकानाची वेबसाइट होती. वाहवाला वाटलं, अक्षरं आधी धूसर दिसावीत आणि सावकाश स्पष्ट व्हावीत.

"चष्मा हरवलेला माणूस तुमच्या पानावर येणार," मधली भर मीटिंगमध्ये म्हणाली, "आधीच डोळे चोळत. आणि त्याला तुम्ही धूसर अक्षरं दाखवणार? वाहवा म्हणायच्या आधी तो आपल्या आईबापांचा उद्धार करेल."

सगळे हसले, वाहवाही हसला. पान धूसरच राहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग गाडीवाल्याचं काम आलं. हा माणूस आजारी लोकांना उपचाराला नेण्या-आणण्यासाठी गाड्या पुरवायचा. स्वतः एका गाडीवर ड्रायव्हर म्हणून सुरुवात केलेली, आता पदरी बरेच ड्रायव्हर. माणूस सरळ. त्याला अशी वेबसाइट हवी होती, की आजाऱ्याने फोनवर एक बटण दाबावं, आणि गाडी कुठवर आली ते त्याला दिसावं.

थोरलीच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ती याच गाडीवाल्याच्या गाडीने सेंटरला जायची, आणि दर वेळी फोनवर ताटकळत "कुठवर आलात हो?" म्हणून विचारत बसायची. त्यामुळे मधलीने हे काम दुसऱ्या कोणाला देऊ दिलं नाही. घरचंच काम होतं ते.

तिने गाडी काढली. छोटी, पांढरी. गतिरोधकावरून जाताना किंचित उचलली जायची, वळताना जराशी कलायची, थांबताना नाक खाली झुकवायची, उभी राहिली की जागच्या जागी हलके धडधडायची. तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं असं म्हणायला हरकत नाही. घरी नेऊन तिने आधी थोरलीला दाखवलं. थोरलीने चष्मा पुसून बघितलं. "अगं, ही तर आपल्या कोपऱ्यावर वळते तश्शी वळली," ती म्हणाली, आणि पुन्हा पुन्हा लावून बघत बसली.

हा फक्त दाखवायचा नमुना होता. नमुन्यात खरे ड्रायव्हर कुठून येणार? म्हणून बटण दाबलं की गाडी आपली आपण निघायची आणि ठरलेल्या रस्त्याने यायची. असे नमुने सगळेच करतात. मीटिंगमध्ये वाहवाने बटण दाबलं, गाडी निघाली, आणि गाडीवाल्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "अशीच पाहिजे," तो म्हणाला. "हुबेहूब अशीच."

मीटिंग संपल्यावर मधलीने वाहवाला गाठलं. "हा नमुना आहे. खऱ्या कामात ड्रायव्हरने होकार दिला, त्याची जागा कळली, की मगच गाडी दिसेल. तोवर काही नाही."

"काही नाही म्हणजे? रिकामं पान?"

"रिकामं. आणि ठळक लिहायचं, अजून ड्रायव्हर मिळालेला नाही."

"ताई, रिकाम्या पानावर माणूस थांबत नाही."

"नको थांबू दे. फोन करेल."

"बघू," वाहवा म्हणाला.

वाहवाचं बघू म्हणजे काय असतं, हे इतक्या वर्षांत तिला कळायला हवं होतं. तिला दुसऱ्या कामाला लावलं गेलं. वाहवाने कोड लिहिणाऱ्या पोराला सांगितलं, नमुन्यातली गाडी तशीच राहू दे. ड्रायव्हर मिळेपर्यंत ती येत राहील, फक्त दारापर्यंत आणू नको. शेवटच्या कोपऱ्यावर आणून तिथे धडधडत ठेव. खरी गाडी मिळाली की तिच्या जागेवर उडी मारू दे. पोराला ती युक्ती वाटली, त्याने केली. ड्रायव्हर बहुधा लगेच मिळायचा, पडद्यावरची गाडी एक छोटीशी उडी मारून खऱ्या जागी जायची, आणि कोणाला काही कळायचं नाही. मधलीने स्वतः दोनचारदा थोरलीच्या फोनवर बघितलं होतं. दर वेळी ड्रायव्हर तत्काळ मिळाला. तिला वाटलं, आपलं ऐकलं.

गाडीवाल्याबरोबरच्या पुढच्या मीटिंगमध्ये वाहवाने छाती फुगवून आकडे दाखवले. गाडी कुठे आहे असं विचारणारे फोन निम्म्यावर आले होते. लोक फोन करत नव्हते, शांतपणे पडद्याकडे बघत बसत होते. "नंबर वर ठेवायची आता गरजच नाही," असं म्हणून त्याने गाडीवाल्याचा फोन नंबर पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत टाकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मधलीनेही वाजवल्या. तिच्या गाडीचं कौतुक होतं ते.

त्या दिवशी सकाळी मधली कामावर गेल्यावर थोरलीने नेहमीसारखं बटण दाबलं. ड्रायव्हर कमी होते त्या दिवशी, दोघे आजारी, एकाची गाडी दुरुस्तीला. कोणीही होकार दिला नाही. पडद्यावर गाडी निघाली.

थोरलीने बूट घातले, पिशवीत शाल टाकली आणि जिना उतरली. दोन मजले उतरणं हा तिच्यासाठी खेळ नव्हता, मधल्या पायरीवर बसून दम खावा लागायचा. खाली विजेच्या मीटरांजवळ एक प्लास्टिकची खुर्ची असते, तिच्यावर ती बसली. फोनमध्ये बघितलं तर गाडी कोपऱ्यावर आलेली. बरं झालं, वेळेत उतरलो, असं ती स्वतःशी म्हणाली.

गाडी कोपऱ्यावरच राहिली. बराच वेळ. कोपऱ्यावर येऊन ठेपलेल्या माणसाला काय फोन करायचा, असा तिचा विचार. वळायला जागा नसेल. ट्रक आडवा आला असेल. मग तिला वाटलं, ड्रायव्हर नवा असेल, बिचाऱ्याला इमारत सापडत नसेल. म्हणून ती उठली आणि भिंतीला धरत धरत स्वतः कोपऱ्यापर्यंत चालत गेली. तिथे एका बंद दुकानाचं शटर होतं आणि एक उभी हातगाडी. पडद्यावर गाडी नेमकी तिथेच होती, थोरली उभी होती त्या जागेवर. थोरलीने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हात करून बघितलं. मग दुसऱ्या रस्त्याने दारात येऊन थांबली असेल या धास्तीने ती परत फिरली.

ज्यांना अजून राग आला नसेल त्यांनी हा एवढा भाग पुन्हा वाचावा.

दुपारी सेंटरमधून फोन आला. तुमचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं, आता उद्या या. थोरली जिना चढून वर आली आणि खुर्चीत बसली. तिने मधलीला फोन केला नाही.

संध्याकाळी मधली घरी आली तेव्हा थोरली त्याच खुर्चीत होती, पायांत बूट तसेच. पाय इतके सुजले होते, की ते निघेनात. बोलताना वाक्य मध्येच तुटत होतं, दोन शब्द झाले की श्वास घ्यावा लागत होता.

"गेली नाहीस?"

"गाडी... कोपऱ्यावर होती गं. बराच वेळ."

मधलीने तिच्या मांडीवरचा फोन उचलला. पान उघडंच होतं. गाडी कोपऱ्यावर होती. अजून. पांढरी, छोटी, जागच्या जागी हलके हलके धडधडत. ती धडधड मधलीनेच बसवलेली होती, किती मऊ ठेवायची यावर दोन दिवस घालवून.

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने गाडी काढली. मोठ्या हॉस्पिटलात नेईपर्यंत थोरलीच्या छातीत पाणी झालं होतं. ओठ निळे पडले होते. मशीनला लावल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि रागाने म्हणाल्या, "एवढा वेळ का थांबलात? अजून थोडा उशीर झाला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं." मधली आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी बोलणं खाली मान घालून ऐकून घेत उभी राहिली.

थोरली वाचली. दुसऱ्या दिवशी तिला बोलता येऊ लागलं, तेव्हा मधलीने विचारलं, "मला फोन का नाही केलास?"

"तू चिडली असतीस. तिथे जाऊन कोणाला तरी काहीबाही बोलली असतीस. नोकरी आहे तुझी." थोरलीने थोडा श्वास घेतला. "आणि मला वाटलं, तू काढलीयस म्हणजे गाडी असणारच."

मधली उठून बाहेर गेली. व्हरांड्यात पाण्याच्या नळाशी तिने तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. इतकी वर्षं ती सगळ्यांवर चिडत आली होती. अक्षरं टपटप पडली म्हणून चिडली, बटण नाचलं म्हणून चिडली. तिच्या रागाला भिऊन घरचं माणूस दिवसभर गप्प बसलं, आणि जिथे खरोखर चिडायला हवं होतं तिथे वाहवाच्या बघूवर विसंबून ती टाळ्या वाजवत राहिली. वाहवाचा राग, त्या कोड लिहिणाऱ्या पोराचा राग, स्वतःचा राग, कोणता कुठे संपतो तेच तिला कळेना.

ती तडक ऑफिसात गेली.

वाहवाने सगळं ऐकलं, चेहरा सुतकी केला, खुर्ची पुढे सरकवली. "फार वाईट झालं, ताई. खरंच. पण एखाद्या केसवरून आपण..."

"ही केस नाही. माझी बहीण आहे."

"तेच म्हणतोय. भावनेच्या भरात निर्णय नको. हलतं काही दिसलं की लोक थांबतात, हे तर सिद्ध झालंय."

"हो," मधली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच बाजूच्या टेबलावरची पोरं माना वर काढून बघू लागली. "थांबतात. ओठ निळे पडेपर्यंत थांबतात."

"पान रिकामं ठेवलं तर ते मेलेलं दिसतं हो."

"पान मेलेलं चालेल मला. माणूस नको."

वाहवा म्हणाला, क्लायंटशी सावकाश बोलून ठरवू, घाई नको. मधलीने तिथल्या तिथे पर्स उचलली आणि क्लायंटकडे निघाली. वाहवा मागून धावला, कारण मालक मागे आणि नोकर पुढे असं क्लायंटकडे पोचणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं.

गाडीवाल्याचं ऑफिस म्हणजे एक लांबलचक खोली, खाली फरशीचं मोठं आवार, तिथे सगळ्या गाड्या लागत. दुपारची वेळ, ड्रायव्हर चहा पीत उभे होते, एकजण पाइपने गाडी धूत होता. गाडीवाल्याने मधलीला ओळखलं. "या, ताई! तुमच्या गाडीने आमचं नाव काढलं बघा."

"तुमच्या माणसांना सांगा," मधली बसलीसुद्धा नाही, "आता जे बुकिंग येईल त्याला कोणी होकार द्यायचा नाही. फक्त एका बुकिंगला."

तो गोंधळला, पण त्याने खिडकीतून खाली ओरडून सांगितलं. मधलीने स्वतःचा फोन त्याच्या हातात दिला. "दाबा."

त्याने बटण दाबलं. गाडी निघाली. गतिरोधकावर उचलली गेली, वळणावर कलली. गाडीवाला सवयीने हसला. मग हसायचा थांबला.

"ही कोणाची गाडी?" मधलीने विचारलं.

त्याने फोन डोळ्यांजवळ नेला.

"खाली बघा. तुमच्या सगळ्या गाड्या खाली आहेत. मग ही येतेय ती कोणाची?"

गाडीवाला खिडकीपाशी गेला. खाली ड्रायव्हर चहाचे कप ठेवून वर बघत होते, आता पुढे काय म्हणून. त्याच्या हातातली गाडी आवाराच्या कोपऱ्यावर आली आणि तिथे धडधडत थांबली.

"आली बघा," मधली म्हणाली. "जा ना. बसा तिच्यात. जिना उतरा, कोपऱ्यापर्यंत चालत जा, हात करा. माझ्या बहिणीने केलं हे सगळं. किडन्या नसलेल्या बाईने."

वाहवाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. गाडीवाल्याने त्याच्याकडे न बघताच हात वर केला.

"कधीपासून असं चाललंय?" त्याने विचारलं.

"तुमचे फोन कमी झाले ना, तेव्हापासून."

तो खुर्चीत बसला. हा माणूस स्वतः ड्रायव्हर होता, दारात वाट बघत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून त्याने गाडीत बसवलेलं होतं. फोन कमी झाले म्हणून त्यानेही त्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"कोण कोण बसून राहिलं असेल," तो म्हणाला. मग त्याने एकदम टेबलावर मूठ आपटली, चहाचा कप उडाला, आणि तो वाहवाला जे काही बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते ऐकून आपल्याला बरं वाटेल असं मधलीला वाटलं होतं. वाटलं नाही.

काम अवघ्या एका दुपारचं होतं. कोड लिहिणारा पोरगा मधलीच्या शेजारी बसून तिने सांगितलं तसं करत गेला. आता बटण दाबलं की गाडी दिसते ती करड्या रंगाची, दिवे बंद, स्थिर. खाली मोठ्या अक्षरांत, अजून ड्रायव्हर मिळालेला नाही. त्याच्या खाली तितकाच मोठा फोन नंबर. पानावर दुसरं काही हलत नाही. ड्रायव्हरने होकार दिला की गाडीचे दिवे लागतात. तिची जागा कळली, पुढची जागा कळली, की त्या दोन जागांमध्ये ती सरकते, आणि पुढची जागा कळेपर्यंत आहे तिथे उभी राहते. गाडीची खबर येईनाशी झाली तर तसं लिहून येतं.

"दोन टोकं असतील तरच," मधलीने पोराला सांगितलं. "टोक नाही, तर मधलं नाही." तिला मास्तर आठवले, आणि ते असते तर त्यांनी आपल्यासमोर काय काय फाडलं असतं याचाही विचार तिच्या मनात आला.

गाडीवाल्याचे फोन पुन्हा वाढले. ते घ्यायला त्याने एक बाई नेमली. वाहवा मधलीशी कामापुरतं बोलतो. तिला काढण्याची हिंमत त्याला होत नाही, आणि तिच्यासमोर वाहवा म्हणण्याचीही.

थोरली घरी आल्यावर पहिल्यांदा सेंटरला जायची होती, त्या सकाळी मधली कामावर गेली नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं तिला. थोरलीने बूट घातले, जरा सैल, नवे घेतलेले. शाल पिशवीत होती. तिने बटण दाबलं.

"हलत नाही," थोरली म्हणाली.

"कोणी निघालं नाही म्हणून. खाली नंबर आहे बघ. लाव."

थोरलीने नंबर लावला आणि शाळेत वर्ग शांत करायची त्या आवाजात पलीकडच्या बाईला आपलं नाव, मजला आणि वेळ ऐकवली. फोन ठेवला. दोघी पडद्याकडे बघत बसल्या. काही हललं नाही. मधलीला स्वतःच्याच कामाचा संताप आला, मेली हल ना आता, असं ती मनात म्हणालीसुद्धा. मग गाडीचे दिवे लागले. थोड्या वेळाने ती एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकली.

"निघाली!" मधली उठली, पिशवी खांद्याला अडकवली. "चल, ऊठ. उतरायला तुला वेळ लागतो. तोवर ती दारात येईल."

थोरली उठली नाही. तिने पडद्यावरची गाडी नीट बघितली, वळणावर कलताना बघितली. मग फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

"छान काढलीयस," ती म्हणाली. "पण खालून हॉर्न वाजू दे."

"अगं, खरी आहे ती! त्या बाईंशी बोललीस ना तू आत्ता? मी स्वतः बसून केलंय. आता ती खोटं हलूच शकत नाही!"

"असेल गं."

"असेल काय? आहे!"

"हो. पण दोन जिने मला पुन्हा चढायचे नाहीत, मधले." थोरली समजावणीच्या सुरात म्हणाली. त्यात राग अजिबात नव्हता, आणि तेच मधलीला सोसवेना. चिडली असती तर भांडता आलं असतं.

थोरली हातांची घडी घालून खिडकीकडे कान लावून बसून राहिली. मांडीवर पालथ्या पडलेल्या फोनमध्ये गाडी येत होती, अगदी खरी. थोडा वेळ मधली पिशवी घेऊन तशीच उभी राहिली. मग तीही खिडकीपाशी गेली आणि कोपऱ्याकडे बघत वाट पाहू लागली.